थोडेसे म्हणजे किती

बाळंतपणाच्या आधी मी दर रविवारी सायकलने सिंहगड चढत असे. गोळेवाडीपासून वरच्या वाहनतळापर्यंतचा तो सुमारे नऊ किलोमीटरचा चढ पुण्यातल्या सायकलस्वारांची फूटपट्टी आहे. आपली तब्येत कशी आहे, हे तो खरेखरे सांगतो. लेक दीड वर्षाची झाल्यावर मी पुन्हा सायकल काढली, तेव्हा पूर्वी जिथे एका दमात जात असे तिथे तिसऱ्याच किलोमीटरला उतरून कठड्याला टेकू लागले. पाय दुखत नव्हते, गुडघे ठीक होते. फक्त धाप लागे आणि डोळ्यांपुढे अंधारी येई. बाळंतपणानंतर असे होतेच, असे मला आईने, सासूबाईंनी, शेजारणींनी आणि दोन डॉक्टरांनी सांगितले. हिमोग्लोबिन ८.२ निघाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि सहा महिने त्या नियमाने घेऊनही आकडा ८.६ च्या पुढे सरकला नाही.

गोळ्या घेऊनही लोह का वाढत नाही, हा प्रश्न विचारणारे डॉक्टर तिसरे होते आणि त्या एका प्रश्नासाठी मी त्यांची आजन्म ऋणी आहे. अन्नातले लोह मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि सिलियाक आजारात सर्वाधिक इजा होते ती नेमकी तिथेच. गहू, जव आणि राय या धान्यांमधले ग्लूटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते आणि आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे सूक्ष्म अंकुर झिजत झिजत सपाट होतात. शोषून घेणारा पृष्ठभागच उरला नाही, तर गोळ्या कितीही चांगल्या असल्या तरी त्या जाणार कुठे? रक्तातील टीटीजी प्रतिपिंडांची, म्हणजे या आजारात शरीर स्वतःविरुद्धच तयार करते त्या प्रथिनांची, तपासणी झाली, मग दुर्बिणीतून आतड्याचे तुकडे तपासले गेले आणि निदान पक्के झाले. जुलाब, पोट फुगणे अशी लोकांना माहीत असलेली लक्षणे मला जवळजवळ नव्हतीच. माझ्या बाबतीत आजार बोलत होता तो फक्त थकव्यातून. बाईचा थकवा घरात आणि दवाखान्यात किती सहज गृहीत धरला जातो, याची चीड मला आजही येते. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार आढळतो. आपण भात-भाकरी खाणारे लोक, म्हणून आपल्याकडे तो मनात येत नसावा. पण शहरातल्या घरांत आता सकाळ-संध्याकाळ पोळीच असते आणि मधल्या वेळेलाही बिस्किटे, पाव किंवा नूडल्सच असतात.

या गोष्टीला साडेपाच वर्षे झाली. लेक आता आठ वर्षांची आहे आणि माझे हिमोग्लोबिन १२.९ आहे. औषध एकच, ते म्हणजे गहू, जव आणि राय यांचा कणही पोटात न जाऊ देणे आणि तेही जन्मभर.

पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी मला धीर दिला की, आपल्याकडे भाकरी आहे, तुला काय कमी पडणार? ते म्हणणे अर्धे खरे होते आणि त्या अर्ध्यावरच मी उभी आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा यांपैकी एकातही ग्लूटेन नाही. परदेशात या आजाराच्या माणसाला पाकिटातला महागडा पाव शोधावा लागतो. मला माझ्या आजीचे जेवण जेवायचे होते. उपवासाचा सगळा फराळ मला चालत होता. गणपतीत उकडीचे मोदक आणि दिवाळीत अनारसे मी पोटभर खाऊ शकत होते. पुरणपोळी गेली, पण पुरण राहिले. वाटीभर पुरणावर तूप घालून खाल्ले की होळीही साजरी होते.

उरलेले अर्धे मला गिरणीत कळले. निदानानंतर दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, तेव्हा प्रतिपिंडे अपेक्षेइतकी उतरली नव्हती. मी तर काटेकोरपणे भाकरीच खात होते. डॉक्टरांनी विचारले, ज्वारी दळता कुठे? त्या संध्याकाळी मी आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत जाऊन नुसती उभी राहिले. समोर एका काकूंचे गव्हाचे दळण चालू होते. ते संपल्यावर काकांनी पिठाच्या कापडी नळीवर दोन थापा मारल्या, खाली माझा डबा लावला आणि वरच्या चाडीत माझी ज्वारी ओतली. पहिले मूठभर पीठ आले ते तांबूस-पिवळट होते. मग हळूहळू ते ज्वारीच्या रंगावर आले. दगडांत, नळीत, चाडीच्या कोपऱ्यांत राहिलेला सगळा गहू माझ्या डब्यात उतरत होता आणि काकांच्या भुवयांवर, दिव्याच्या तारेवर, भिंतीवरच्या देवाच्या फोटोवर जे पांढरे बसले होते तेही मुख्यतः गव्हाचेच पीठ होते. "ज्वारीवर ज्वारी टाकतो ना मी, ताई," काका म्हणाले आणि ते खरेच तशी काळजी घेत; पण पहिल्या ज्वारीच्या आधी गहूच असे. उपवासाच्या दळणासाठी ते एक दिवस दगड झाडून-पुसून घेत, त्या दिवशी माझे दळण आधी घेण्याची तयारीही त्यांनी दाखवली. त्यांचा तो जिव्हाळा मी विसरणार नाही, पण हवेतल्या पिठाचे काय करणार? शेवटी त्या वर्षी नव्या चाकांसाठी साठवलेल्या पैशांतून आम्ही घरघंटी घेतली. तिच्यात आजवर गव्हाचा एक दाणा पडलेला नाही. पुढच्या तपासणीत प्रतिपिंडे झपाट्याने खाली आली.

गिरणीनंतर हिंगाचा नंबर लागला. शुद्ध हिंग म्हणजे झाडाच्या मुळातून निघणारा चीक. तो इतका उग्र असतो की वापरण्याजोगा करण्यासाठी त्यात डिंक आणि पीठ मिसळतात आणि बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच हिंगांत हे पीठ गव्हाचे असते. चिमूटभरच हिंग, पण ते रोजच्या वरणात, भाजीत, ताकात, लोणच्यात आणि पोह्यांच्या फोडणीतही असते. आता आम्ही तांदळाच्या पिठातला हिंग वापरतो आणि डबीवरचा मजकूर दर वेळी वाचतो. थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरांत गहू असतो. सातूचे पीठ तर सायकलवाल्यांना उत्तम म्हणून सगळे सुचवतात; पण सातू म्हणजे जवच, आणि आपल्याकडच्या सातूच्या पिठात बहुधा गहूही भाजून घातलेला असतो. मुलांच्या दुधात घालायच्या बहुतेक माल्टच्या पावडरी जवाच्या असतात. सोया सॉसमध्ये गहू असतो. ही यादी मला आता तोंडपाठ आहे. ती पाठ होईपर्यंतचे वर्ष मात्र कठीण गेले.

या आजाराच्या माणसाला सगळ्यांत जास्त वेळा ऐकावे लागणारे वाक्य म्हणजे "अगं, थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" विचारणाऱ्याच्या मनात प्रेमच असते, म्हणून मी त्याचे उत्तर नीट देते. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ज्या पदार्थावर ग्लूटेनमुक्त असे लिहायचे, त्याच्या एका किलोत २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेले तर आतड्याच्या अस्तराला इजा होते, असे इटलीतील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. आपल्या एका पोळीत साधारण अडीच ते तीन ग्रॅम ग्लूटेन असते. म्हणजे पोळीचे पन्नास तुकडे केले तर त्यातला एक रोज खाणे हेसुद्धा जास्त झाले. तुपाच्या डब्यात पोळीचा कण लागलेला चमचा गेला, गव्हाच्या कणकेची चाळण ज्वारीला वापरली, तर अशा कणांची बेरीज तिथपर्यंत सहज पोहोचते. म्हणून आमच्याकडे पोळपाट-लाटणे, परात, चाळण आणि तवा असे सगळे दोन-दोन आहे. माझ्या भांड्यांच्या कड्यांना निळा दोरा बांधलेला आहे आणि माझे तूप वेगळ्या बरणीत असते.

हे नवे फॅड आहे, असेही काही जण म्हणतात. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा गव्हाविषयीचा प्रबंध १९५० सालचा आहे. गहू बंद केल्यावर सिलियाकची मुले सुधारतात, असे त्यांनी त्याच्याही आधीपासून पाहिले होते आणि दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये पावाचा दुष्काळ पडला तेव्हा त्यांची खात्री आणखी पक्की झाली. सगळा देश उपाशी असताना काही आजारी मुले सुधारत होती, ही गोष्ट वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले होते.

थोडेसे म्हणजे किती, हे मला पुरते कळले ते मात्र सातारा रस्त्यावर. निदानानंतर दोन वर्षांनी मी माझी पहिली २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करत होते. साडेतेरा तासांत साताऱ्यापर्यंत जाऊन परत यायचे होते. पहाटे माझ्या डब्यातला भात सांडला, राखीव खाणे पुरेसे नव्हते आणि खंबाटकी घाटाच्या अलीकडे भूक अनावर झाली. एका टपरीवर गरम बटाटेवडे निघत होते. पाव घेतला नाही, नुसते दोन वडे घेतले. वडा बेसनाचाच तर असतो, असा विचार मी केला. कढईकडे पाहिले ते खाऊन झाल्यावर. त्याच तेलात समोसे तळले जात होते आणि तळाशी मैद्याचा काळसर चुरा साचला होता. परतताना सुरूर फाट्यापाशी पहिली उलटी झाली. त्यानंतरचा तास मी रस्त्याच्या कडेला बाभळीच्या सावलीत पोट धरून बसून काढला. सोबतचे दोघे थांबायला तयार होते. त्यांची वेळ वाया जाऊ नये म्हणून मीच त्यांना पुढे पाठवले आणि नवऱ्याला फोन केला.

ब्रेव्हे अर्धवट राहिली याचे दुःख होतेच, पण ते दोन आठवड्यांत ओसरले. दुसऱ्या दिवशी लेकीच्या बालवाडीचे स्नेहसंमेलन होते. ती फुलपाखरू झाली होती आणि पंख मी शिवले होते. मी अंथरुणातून उठू शकले नाही. तिचे बाबा आणि आजी गेले, त्यांनी चित्रीकरण आणले. त्यात ती नाच संपल्यावर प्रेक्षकांत एका रांगेतून दुसऱ्या रांगेत नजर फिरवताना दिसते. ते मी एकदाच पाहिले. त्या दिवसापासून मी रस्त्यावर कुणाच्याही कढईतले काही खाल्लेले नाही.

तेव्हापासून सायकलवरचे सगळे खाणे घरून निघते आणि डबा सांडला तरी पुरेल इतके दुसरे खाणे सायकलच्या पिशवीत असते. लांबच्या प्रवासात तासाला साधारण ४० ते ५० ग्रॅम कर्बोदके पोटात गेली तर मला थकवा येत नाही. एक मध्यम केळे म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, म्हणजे हिशोब अवघड नाही. अवघड असते ती चव, कारण आठव्या तासाला गोड नकोसे होते. त्यासाठी मिठाच्या पाण्यात उकडलेले लहान बटाटे जिरेपूड लावून नेते. राजगिऱ्याचे लाडू खिशात चुरतात, पण पोटाला हलके असतात. शेंगदाण्याची चिक्की पहिल्या शंभर किलोमीटरपर्यंत ठीक, पुढे तेलकट लागते. भाकरी सायकलवर उपयोगाची नाही, ती कोरडी पडते आणि चावायला वेळ लागतो. ती आदल्या रात्रीसाठी.

माझा मुख्य आधार आहे तो नारळी भाताच्या वड्यांचा. युरोपातल्या शर्यतींमधले सायकलपटू चिकट भाताचे चौकोन कागदात गुंडाळून खिशात नेतात, हे वाचल्यावर मला आमच्या नारळी पौर्णिमेचीच आठवण झाली. मावळातला इंद्रायणी तांदूळ नेहमीपेक्षा थोड्या जास्त पाण्यात मऊ शिजवायचा, कारण बासमतीचा दाणा सुटा राहतो आणि वडी पडत नाही. त्यात गूळ घालायचा आणि खोबरे मात्र ओले नव्हे तर सुके घालायचे, म्हणजे उन्हात आंबत नाही. चिमूटभर मीठ नेहमीपेक्षा अधिक, दोन लवंगा, चमचाभर तूप. मिश्रण कडा सोडू लागले की ताटात थापून वर वाटीच्या बुडाने दाबायचे आणि रात्रभर झाकून ठेवायचे. पहाटे सुरी ओली करून चौकोन कापले की ते तुटत नाहीत. एकेक वडी बटर पेपरात गुंडाळून त्याचे एक टोक मोकळे ठेवायचे, म्हणजे चालत्या सायकलवर दातांनी उलगडता येते. गेल्या हिवाळ्यात ३०० किलोमीटरची ब्रेव्हे मी वीस तासांच्या मुदतीत पूर्ण केली ती अशा चौदा वड्या, सहा केळी, बटाटे आणि लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्यावर.

सिंहगडावरही मी पुन्हा जाते. वर पिठले-भाकरीच्या झोपड्यांतून हाका येतात, तेव्हा हिंग आणि पीठ या दोन्ही गोष्टींमुळे मला नकार द्यावा लागतो. मडक्यातले दही मात्र मी दर वेळी खाते, स्वतःच्या चमच्याने.

आमच्या सायकलगटात अलीकडे काही जण वेग वाढावा म्हणून गहू सोडू लागले आहेत, त्यांना मी कळकळीने दोन गोष्टी सांगते. २०१५ साली टास्मानियातील संशोधकांनी सिलियाक नसलेल्या तेरा सायकलपटूंवर प्रयोग केला. कोणत्या आठवड्यात ग्लूटेन आहे आणि कोणत्या नाही, हे त्यांना कळू न देता तपासले, तेव्हा कामगिरीत काहीच फरक आढळला नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आजाराची शंका असेल तर तपासणी आधी करा, गहू नंतर सोडा. गहू बंद केला की प्रतिपिंडे उतरू लागतात, आतडे भरून येऊ लागते आणि खरा आजार तपासणीत लपतो. आमच्या एका मैत्रिणीला बरे वाटू लागल्यावर निदानासाठी पुन्हा काही आठवडे रोज पोळी खावी लागली. ते आठवडे तिने कसे काढले, हे मी पाहिले आहे.

याच नियमामुळे माझ्या घरात गहू आहे. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला सिलियाक असेल तर तो आपल्याला असण्याची शक्यता साधारण दहात एक इतकी असते. लेकीची पहिली तपासणी ती तीन वर्षांची असताना झाली, निकाल चांगला आला. पण तिच्यात या आजाराला अनुकूल असे जनुक आहे, त्यामुळे तो पुढे कधीही डोके वर काढू शकतो आणि दर दोन-अडीच वर्षांनी रक्त तपासावे लागते. सगळे घरच ग्लूटेनमुक्त केले तर माझी दगदग एका दिवसात संपेल, असे मलाही वाटले होते. पण तिच्या पोटात गहू गेलाच नाही, तर तपासणीला अर्थ उरणार नाही. आणि आजार नसताना तिच्या वाट्याचा वाढदिवसाचा केक, सत्यनारायणाचा शिरा, मैत्रिणीच्या डब्यातला पराठा मी का काढून घ्यावा? प्रसादाचा शिरा कुणी हातावर ठेवला की मी तो दुसऱ्या हातातल्या पानावर घेते, कपाळाला लावते आणि तिला देते. ती माझ्याही वाटणीचा खाते आणि काही न सांगता हात धुवायला जाते. ही सवय तिला मी लावलेली नाही. साडेचार वर्षांची असताना तिने बिस्किट खाल्लेल्या हातांनी माझ्या तोंडात खजूर भरवायला घेतला होता, मध्येच थांबली, "थांब हं आई" म्हणाली आणि मोरीकडे पळाली.

सासूबाईंना पहिली दोन वर्षे हे सगळे फार अवघड गेले. सून घरात जेवते आणि वेगळ्या ताटात, वेगळ्या तुपाने, याचा त्यांना लोकांपुढे संकोच वाटे. मागच्या श्रावणात पूजा आमच्या घरी होती. गुरुजींना त्यांनी स्वतःहून विचारले आणि सव्वा वाटी रव्याच्या शिऱ्याशेजारी तांदळाच्या कण्यांचा छोटा शिराही नैवेद्याला ठेवला, निळ्या दोऱ्याच्या पातेल्यात. वाढताना त्या एवढेच म्हणाल्या, "हा तुझा. याला चमचा लागलेला नाही कुणाचा."

लेकीची पुढची तपासणी जूनमध्ये आहे. दोन महिन्यांपूर्वी तिच्या पोटात चार-पाच दिवस दुखत होते, तेव्हापासून भिंतीवरच्या उंचीच्या खुणा मी जरा जास्तच वेळा पाहते. त्या वर सरकत आहेत. तोवर रोज सकाळी माझी भाकरी आधी भाजते, ती डब्यात घालून झाकण लावते, ओटा पुसते आणि मग दुसरी परात खाली काढून तिच्या दोन पोळ्यांची कणीक मळते.